दोघांचे भांडण, तिसरीचा लाभ

मंडळी, आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९५० साली १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. त्यांत इंग्रजी नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत तिच्यावाचून पान हलत नाही. हे कसे झाले?

घटनेच्या ३४३ व्या कलमाने हिंदी केंद्राची राजभाषा ठरली आणि इंग्रजीला १५ वर्षांची मुदत मिळाली. ती २६ जानेवारी १९६५ ला संपणार होती. त्यानंतरही इंग्रजी वापरण्याची सोय १९६३ च्या राजभाषा कायद्यात होती, पण तेवढ्याने मद्रास राज्याची धास्ती गेली नाही. केंद्राच्या नोकऱ्यांत हिंदी मातृभाषा असलेले पुढे जातील, आपण मागे राहू, ही ती धास्ती. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. काहींनी स्वतःला जाळून घेतले. दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. शेवटी शास्त्रीजींनी आकाशवाणीवरून आश्वासन दिले आणि १९६७ मध्ये कायदा दुरुस्त झाला. हिंदी राजभाषा नसलेल्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्याशिवाय इंग्रजी हटणार नाही! म्हणजे एक राज्य अडून बसले तरी पुरे.

तमिळ माणसाचे यात चुकले असे मला वाटत नाही. इंग्रजी परकी खरी, पण सगळ्यांनाच सारखी परकी, हा त्याचा हिशेब. मात्र तो अर्धाच खरा ठरला. ती प्रांताप्रांतांत सारखी परकी असेल, घराघरांत नाही. डॉक्टरच्या मुलाला ती घरीच मिळते. शेतमजुराच्या मुलीला शाळेत मिळाली तर मिळाली. जून २००० पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, ती हीच दरी बुजवायला. दरी अजून आहेच.

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! २९ जूनला सरकारने माघार घेतली. चांगलेच झाले. पण मराठीसाठी भांडणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत जातात? 'एकोणसाठ' म्हटले की "म्हणजे किती?" असे विचारणारी मुले आपल्याच घरांत आहेत.

इंग्रजी शिकू नका, असे कोणता शिक्षक म्हणेल? उत्तम शिकावी. पण गणित आणि विज्ञान ज्या भाषेतून शिकवायचे आपण सोडतो, ती भाषा हळूहळू सणावारापुरती उरते. त्यासाठी दिल्लीचा आदेश लागत नाही.

असो.