नगराध्यक्ष गेले, महापौर आले

आमच्या खडवलीहून कल्याण चौथं स्टेशन. टिटवाळा, आंबिवली, शहाड, की आलं कल्याण. तहसील कचेरी तिथं, कोर्ट तिथं, लग्नाचा बस्ताही तिथलाच. पण कल्याणच्या नगरपालिकेत आमचं मत कधीच नव्हतं. म्हणून तिथल्या खुर्चीचा इतिहास आम्ही गावकऱ्यांनी जरा लांबूनच बघितला. लांबून बघणाऱ्याला काही गोष्टी बऱ्या दिसतात.

कल्याणला रेल्वे आली 1 मे 1854 रोजी आणि पुढच्याच वर्षी, 1855 साली, नगरपालिका झाली. सुरुवातीला कारभार सरकारी साहेबांच्या हाती. लोकांनी निवडलेले सभासद आणि त्यांचा अध्यक्ष ही चाल हळूहळू आली. नगराध्यक्ष म्हणजे ओळखीचा माणूस. कुणी वकील, कुणी मास्तर, कुणी व्यापारी. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, की लोक थेट त्याच्या ओटीवर. खुर्ची सुटली तरी माणूस उरायचा. कल्याणचे एकेकाळचे नगराध्यक्ष माधवराव काणे पुढं तलासरीला आदिवासींत काम करायला गेले. डोंबिवलीचे आबासाहेब पटवारी तर पद गेल्यावर कित्येक वर्षांनीही लोकांच्या तोंडी नगराध्यक्षच राहिले.

1974 साली राज्यात नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर निवडले गेले. शेजारी ठाण्यात सतीश प्रधान असेच निवडून आले. ठाण्याची महानगरपालिका झाल्यावर 1986 साली तेच तिथले पहिले महापौर. माणूस एकच, खुर्च्या दोन. पण दोन्ही खुर्च्यांत फरक होता, तो आम्हाला कल्याणकडं बघून कळला.

1 ऑक्टोबर 1983 रोजी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या नगरपालिका मोडून एकच महानगरपालिका केली. आजूबाजूची गावंही तिच्यात ओढली. कुणाचा सरपंच गेला, कुणाचा नगराध्यक्ष गेला. आता महापौर येणार म्हणाले. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी घडवलेला, भारदस्त शब्द. पण महापौर काही आला नाही. पहिली निवडणूक झाली 1995 साली. मधली बारा वर्षं प्रशासकाची. लोकांनी निवडलेला एकही माणूस खुर्चीत नाही, आणि शहर तर त्याच काळात फुगत चाललेलं. चाळी गेल्या, इमारती आल्या, पाण्याची ओरड वाढली.

तोवर अंबरनाथकरांना हे जमलं नाही. 1992 साली अंबरनाथ पुन्हा वेगळं झालं, त्याला आपला नगराध्यक्ष परत मिळाला. डोंबिवलीला मिळाला नाही. एवढं मोठं गाव, पण स्वतःची नगरपालिका असलेलं शहर म्हणून ते 1983 लाच संपलं. आता नावात फक्त एका रेघेनं कल्याणला जोडलेलं.

1995 ला आरती मोकल पहिल्या महापौर झाल्या. पहिलाच मान बाईला मिळाला, ही मोठीच गोष्ट. पुढं खुर्चीवर माणसं भराभर बदलली. मुदत आधी एका वर्षाची, मग अडीच वर्षांची. त्यात आरक्षणाची सोडत. 2015 ला राजेंद्र देवळेकर, 2018 ला विनिता राणे. महापौराला लोक थेट निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात. सभा तो चालवतो, पण कारभाराची सही आयुक्ताची आणि पैशाची किल्ली स्थायी समितीकडं. म्हणजे पदाचं नाव मोठं झालं आणि हातातलं काम कमी झालं. नोव्हेंबर 2020 ला मुदत संपली आणि पुन्हा पाच वर्षं प्रशासक. आधीची बारा धरली तर सतरा वर्षं झाली.

हे सगळं आम्ही का मोजायचं? कारण महापालिकेची हद्द टिटवाळ्यापर्यंत आलीय. आमच्यापासून एक स्टेशन. आमच्याकडची पोरं म्हणतात, "आत गेलो तर रस्ते होतील, पाणी येईल, जागेला भाव येईल." म्हातारे म्हणतात, "घरपट्टी पण येईल रे बाबा." दोघांचंही खरं. 27 गावांचं काय झालं ते समोर आहे. 1983 ला आत, 2002 ला बाहेर, 2015 ला परत आत.

आमची ग्रामपंचायत काही सोन्याची नाही. ग्रामसभेला कोरम भरत नाही, आणि भरला तर भांडण होतं. पण चेकवर ग्रामसेवकाबरोबर सरपंचाची सही लागते, आणि तो सरपंच संध्याकाळी भातसाच्या पुलावर सापडतो. त्याला तिथं उभा करून विचारता येतं, गेल्या वर्षीच्या पाइपाचं काय केलंस?

उद्या शहरात जायची वेळ आली तर जाऊ. पण जाताना रस्ता किती रुंद होणार एवढंच विचारू नये. तक्रार घेऊन कुणाच्या ओटीवर जायचं, आणि त्या ओटीवर माणूस असेल का, हेही विचारून घ्यावं.