बेने इस्राएल मुलाचा बार मिट्झ्वा

आपल्याकडे मुंज होते, तारापूरकडच्या पारशी घरांत नवजोत होते, तसा यहुदी मुलाचा बार मिट्झ्वा होतो. यहुदी म्हटले की परदेश डोळ्यांपुढे येतो. पण ठाण्याला त्यांचे ‘शार हाशामाईम’ हे प्रार्थनामंदिर १८७९ पासून आहे. अलिबाग, पेण, पनवेलकडे तर हा समाज शेकडो वर्षे नांदला. म्हणून भगिनींनो, त्यांच्या ह्या संस्काराची थोडी हकीकत सांगते.

त्यांची परंपरा अशी की, पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी आडनावे पडली, घरची बोली मराठी झाली आणि हिब्रू विसरली गेली. तरीही सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शनिवारचा विसावा आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना त्यांनी सोडली नाही. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून घरच्या बाया शुक्रवारीच रांधून ठेवीत. हाती पोथी नसताना धर्म राहिला तो असा.

पण बार मिट्झ्वाला पोथी वाचावी लागते. ते वाचन परत आले त्याला आपली मराठीच उपयोगी पडली. कोचीनच्या यहुद्यांनी येऊन प्रार्थना शिकविल्या. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८३२ साली जॉन विल्सन ह्या मिशनऱ्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली, आणि हाइम सॅम्युएल किहीमकर ह्यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली.

आता तयारी कशी असते ते पाहू. मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माच्या आज्ञा त्याला लागू होतात. त्याआधी कित्येक महिने तो शिकतो. अक्षरे बावीस, वाचायचे उजवीकडून डावीकडे. तोराची गुंडाळी चामड्यावर हाताने लिहिलेली असते. तीत स्वरांच्या खुणा नसतात, चालीच्याही नसतात. आपल्याकडे काना-मात्रा काढून टाकल्यासारखेच ते! म्हणून छापील पुस्तकावरून चाल व उच्चार घोकावे लागतात. गुंडाळीला बोट लावायचे नाही, काडीसारख्या दर्शकाने ओळ धरायची. दंडाला व कपाळाला तेफिलीन, म्हणजे धर्मवचने असलेल्या चामड्याच्या लहान डब्या, बांधायलाही त्याला शिकवतात. शुभप्रसंगी बेने इस्राएल घरांत एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात: भिजविलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे. हा पदार्थ मात्र आपल्या ओळखीचा!

मुलींना हा मान फार उशिरा मिळाला. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन हिचा असा समारंभ झाला, तो आधुनिक काळातील पहिल्यांपैकी मानतात.

जाहीर तोरावाचनाला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि बार मिट्झ्वा झालेला मुलगा त्या दहांत धरला जातो. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आज कोकणातील कित्येक प्रार्थनामंदिरांत दहा माणसे जमविणे कठीण झाले आहे. तेव्हा एका मुलाच्या तयारीकडे साऱ्या समाजाचे डोळे लागतात ह्यात नवल काय?

२०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. आपल्या मंडळाची सहल कधी अलिबागेस गेली, तर इस्राएल आळीतील ‘मागेन अबोथ’ प्रार्थनामंदिर अवश्य पाहावे. मराठी बोलणाऱ्या आपल्याच शेजाऱ्यांचे ते देवघर आहे.