गच्चीवरची टोपी

टोप्यांच्या बाबतीत आपण मराठी माणसं मोठी जाणकार. गांधी टोपी कोणाची, काळी टोपी कोणाची, हे आपल्याला गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखता येतं. टोपी फिरवणारे तर आपण टोपी न बघताही ओळखतो. आणि बँकेत वीस वर्षं घासलेल्या माझ्यासारख्याला 'टोपी घालणे' याचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही. थकीत कर्जाची कुठलीही फाइल उघडली की झालं. पण एक टोपी अशी आहे की तिच्याकडे आपण कधी मान वर करून बघितलेलं नाही. ती आपल्याच इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे, सांडपाण्याच्या उभ्या पाइपाच्या डोक्यावर असते. म्हणजे असायला हवी. बहुतेक ठिकाणी पाइप बोडकाच असतो.

प्लंबर मंडळी तिला 'काऊल' म्हणतात. आमच्या हिला ते पहिल्यांदा 'कौल' असं ऐकू आलं. ही कोकणातली. कौल म्हटला की एक तर घराच्या छपराचा, नाही तर देवाने दिलेला. "पाइपाला कौल कशाला लावायचा?" असं तिने त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, नाही लावला तर खालून वास येईल." हे उत्तर देवाच्या कौलापेक्षा पुष्कळच स्पष्ट होतं.

आता हा पाइप गच्चीपर्यंत न्यायचाच कशाला, हे मी माझ्या पद्धतीने सांगतो. मी बी.कॉम. आहे, मला विज्ञान कळत नाही, पण डबल एन्ट्री कळते. संडासाच्या भांड्याखाली नळी मुद्दाम वाकडी केलेली असते. त्या वाकणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातल्या वायूला घरात येऊ देत नाही. याला ट्रॅप म्हणतात. न्हाणीघराच्या जमिनीतला तो 'नहाणी ट्रॅप'. आपला हा घरगुती शब्द इंग्रजी कॅटलॉगात जाऊन बसलाय, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. तर आपण फ्लश ओढतो आणि पाणी धाडकन खाली जातं, ही झाली एक नोंद. पाणी गेलं तेवढी हवा मागून यायला हवी, ही तिची जोड नोंद. ही हवा गच्चीवरच्या उघड्या तोंडातून येते. ते तोंड बुजलं, तर पाइप ती हवा शेजाऱ्याच्या ट्रॅपमधून ओढतो आणि त्यातलं पाणीही शोषून घेतो. म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातून परस्पर उचल! तिसऱ्या मजल्यावर फ्लश झाला की दुसऱ्या मजल्यावर जी गुडगुड ऐकू येते, ती या अफरातफरीची.

हे वाकण पहिल्यांदा पेटंट करून घेतलं अलेक्झांडर कमिंग नावाच्या गृहस्थाने, १७७५ साली, लंडनमध्ये. धंद्याने तो घड्याळजी. काट्यांकडे बघत आयुष्य घालवणाऱ्या माणसाला ही कल्पना सुचली यात नवल नाही. सकाळी संडासाबाहेर उभं राहून घड्याळ बघणं आपणही करतोच.

त्यानंतर शंभरएक वर्षं शहाणी माणसं वासाच्या मागे लागली होती. त्यांचा ठाम समज होता की रोग होतो तो वासाने. एडविन चॅडविक हा इंग्लंडातल्या सार्वजनिक आरोग्याचा मोठा पुरस्कर्ता. हेतू अत्यंत चांगला, स्वभाव अत्यंत हट्टी. तीव्र वास म्हणजे साक्षात रोगच, असं तो मानायचा. मग घराखालच्या खड्ड्यांमधली घाण वासासकट बाहेर काढा, असा धडाका सुरू झाला. ती काढून टाकली कुठे? थेम्स नदीत. आणि लंडनचे लोक पाणी प्यायचे कुठलं? पुष्कळसे त्याच नदीचं. १८४८-४९ च्या पटकीत तिथे चौदा हजारांवर माणसं गेली. आमच्या हिशेबात याला 'चुकीच्या खात्यात जमा' म्हणतात, पण तिथे चूक सापडल्यावर उलट नोंद टाकता येते.

चूक सापडली होती. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाकडे बोट दाखवलं. रोग वासातून येत नाही, पाण्यातून येतो, असं ते सांगत होते. पंपाचा दांडा काढला गेला. मत मात्र जवळजवळ कोणाला पटलं नाही.

मग १८५८ चा उन्हाळा आला. थेम्स अशी काही घमघमू लागली की नदीकाठच्या पार्लमेंटात पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले. वास तरीही आत आला. अर्थमंत्री डिझरायली नाकाला रुमाल लावून सभागृहातून बाहेर पडले. पुढे त्यांनीच गटारांचं बिल आणलं आणि ते अठरा दिवसांत मंजूर झालं. माझं असं मत आहे की लोकप्रतिनिधींची सभागृहं नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूलाच बांधावीत. गंमत म्हणजे एवढा वास सुटूनही त्या उन्हाळ्यात पटकीची साथ काही आली नाही. स्नोसाहेबांना हे बघून किती समाधान वाटलं असतं! पण ते त्याच वर्षीच्या जून महिन्यात वारले.

जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने मग ८२ मैलांची मुख्य गटारं बांधली. बांधली वासाच्या धास्तीने, आणि उपयोग झाला पाणी स्वच्छ व्हायला. चुकीच्या कारणासाठी केलेलं काम इतकं बरोबर निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. आता गटारं झाकली म्हणजे आतला वायू कुठेतरी सोडायला हवा. त्यासाठी रस्त्यारस्त्यावर बिडाचे उंच पोकळ खांब उभे राहिले. दिसायला दिव्याचे खांब, पण दिवा नाही. काहींच्या डोक्यावर चक्क मुकुट. लंडनमध्ये ते आजही आहेत, आणि खालून जाणाऱ्या कित्येकांना आपण कशाखालून जातोय हे माहीत नसतं.

पण या बाबतीत पहिला मान द्यायचा तो ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला. तिथल्या हाइड पार्कमध्ये १८५७ साली महापौर जॉर्ज थॉर्नटन यांनी सुमारे २२ मीटर उंचीचा एक स्तंभ उभारला. घाट इजिप्तच्या क्लिओपात्राच्या सुईचा, पायथ्याशी स्फिंक्स, सगळा थाट विजयस्तंभाचा. प्रत्यक्षात ती गटाराचा वायू सोडायची नळी. लोकांनी लगेच तिचं नाव ठेवलं, 'थॉर्नटनची अत्तरदाणी'. क्लिओपात्राची खरी सुई १८७८ साली लंडनमध्ये नदीकाठी उभी राहिली, तीही बॅझलगेटने गटार पोटात घालून बांधलेल्या बंधाऱ्यावर. म्हणजे खरी सुई गटारावर नुसती उभी आहे आणि नकली सुई काम करते आहे. सरकारी कचेऱ्यांत मी हे फार जवळून पाहिलं आहे.

या अत्तरदाणीला संरक्षक टोपीदेखील मिळाली, २०१४ साली. एड्सविरोधी प्रचारासाठी तिथल्या एका संस्थेने त्या अख्ख्या स्तंभावर गुलाबी रंगाचं भलंमोठं… कसं सांगावं? आपल्याकडे लाल त्रिकोणाच्या जाहिरातीत जी वस्तू असायची, ती चढवली. या मजकुरात टोपीचा विषय आहे म्हणून सांगितलं. एरवी मी असलं काही लिहिणाऱ्यांपैकी नव्हे.

वासाची भीती मात्र गेली नाही. १८७१ साली युवराज एडवर्ड विषमज्वराने आजारी पडले, तेव्हा ते ज्या बंगल्यात उतरले होते तिथल्या मोऱ्यांवर खापर फुटलं. युवराज बरे झाले आणि सगळ्या सुखवस्तू घरांना आपापल्या पाइपांची काळजी वाटू लागली. प्लंबरांचे दिवस पालटले, ते अजून उलटे फिरलेले नाहीत.

वायू निरुपद्रवी आहे असं मात्र कोणी समजू नये. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि खाली उतरवलेला माणूस तिथेच पडतो. आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी केली. बातम्या अजून येतातच. त्या वाचताना डिझरायलीचा रुमाल आठवतो. त्याला निदान बाहेर पडायला दार होतं.

इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष पाइपातून बाहेर काय येतं याकडे होतं. आत काय जातं, हा प्रश्न डोक्यात यायला वेळ लागला. चीनमधल्या अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ साली दाखवून दिलं की हत्तीरोगाचे जंतू माणसाच्या रक्तातून डासाच्या पोटात जातात आणि तिथे वाढतात. आपल्याकडे हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यावर अंडी घालतो. सेप्टिक टँक म्हणजे त्याला राजवाडा. छप्पर आहे, अंधार आहे, खाणंपिणं आहे. आणि ये-जा करायला गच्चीवर बोडका पाइप आहे.

माश्यांचा हिशेब तर एका माणसाने मोजूनच मांडला. त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, पीटर मॉर्गन या शास्त्रज्ञाने १९७५ साली खेड्यातले दोन संडास घेतले. एकाला जाळी लावलेला वायुनळ होता, दुसऱ्याला नव्हता. ७८ दिवस त्यांतून निघणाऱ्या माश्या पकडून मोजल्या. नळ नसलेल्यातून निघाल्या १३,९५३. नळवाल्यातून १४६. संडासात अंधार असतो. आतली माशी पाइपाच्या टोकाचा उजेड बघून वर जाते, जाळीला धडकते आणि तिथेच संपते. मी रोज नोटा मोजतो, त्यामुळे सांगतो : संडासापाशी बसून १३,९५३ माश्या मोजणाऱ्या आणि त्यातला शेवटचा तीनचा आकडाही न गाळणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. त्यांना २०१३ साली स्टॉकहोमचा जल पुरस्कार मिळाला, हे उत्तम झालं.

हे सगळं मला कागदावरच कळलं असतं, पण माझी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बदली झाली होती. तिथे रात्री साडेनऊला दार वाजलं. उघडतो तर आरोग्य खात्याचे दोघे, हातात बॅटरी आणि काचपट्ट्या. "रक्त द्या साहेब." मी म्हटलं, "अहो, दिवसा या." तर म्हणाले, "दिवसा हे जंतू खोल दडून असतात, रक्तात येतात ते रात्री." आमच्या शाखेतले म्हातारे शिपाई शेजारीच राहायचे. त्यांनी मुकाट्याने बोट पुढे केलं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा झाला होता. चप्पल त्या पायात येत नसे, म्हणून ते दोन्ही पायांनी अनवाणी यायचे. एका पायात चप्पल बरी दिसत नाही, म्हणायचे. काचपट्टी घेऊन झाल्यावर त्या आरोग्यसेवकाने वर गच्चीकडे बॅटरी मारली आणि विचारलं, "पाइपाला जाळी कोणी बांधली नाही का?" कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणला. त्यांना शिडी चढवत नव्हती, म्हणून मी चढलो, आणि गाठ कशी मारायची ते त्यांनी खालून सांगितलं.

हत्तीरोगासाठी देशात १९५५ पासून कार्यक्रम चालू आहे. २०२७ पर्यंत तो हटवायचं ठरलंय. गोळ्या वाटतात, रात्री रक्त घेतात, आणि 'व्हेंट पाइपला जाळी बांधा' हे महाराष्ट्रात भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं. सेप्टिक टँकच्या सरकारी मानकातही पाइपाच्या टोकाला डास अडवणारी जाळी सांगितलेली आहे.

परत आल्यावर मी हा विषय आमच्या सोसायटीच्या सभेत मांडला. पाच पाइप, पाच टोप्या, आतून जाळी. चर्चा पाऊण तास. तळमजल्यावरचे म्हणाले, "गच्चीचा खर्च वरच्यांनी करावा." वरचे म्हणाले, "टँक खाली आहे." एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "पाइप सिमेंटने बंदच करून टाका ना, डासही नको आणि वासही नको." मी त्यांना डबल एन्ट्री समजावून सांगितली. त्यांच्या पत्नी दुसऱ्या मजल्याच्या गुडगुडीने आधीच त्रासलेल्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि ठराव मंजूर झाला. प्लंबरने एका दुपारी टोप्या बसवल्या. फक्त हा खर्च कोणत्या खात्यात टाकावा, हे सेक्रेटरींना कळेना. आरोग्य नाही, दुरुस्ती नाही, आणि 'टोप्या' असं लिहिलं तर ऑडिटर वेगळाच अर्थ काढील. शेवटी त्यांनी तो 'गणेशोत्सव – सजावट' या खात्यात टाकला.