नक्कल आणि शुद्धि

अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवाशास, प्रवरेच्या तीरीं, शके १२१२ मध्यें (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ती मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. नकलेवरून नक्कल होत गेली, पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्यें (इ. स. १५८४) एकनाथांस ग्रंथ शुद्ध करावा लागला. ग्रंथ टिकावयाचा तर लिहिणाऱ्याइतकीच तपासणाऱ्याची गरज असते.

दुभंगतांना प्रत्येक पेशीपुढें हीच अडचण असते. डीएनएच्या दोन पिळलेल्या धाग्यांवर चार अक्षरांचा लेख असतो. एकावरील ‘ए’समोर दुसऱ्यावर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’. ही रचना वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ मध्यें मांडली. अर्थात् एका धाग्यावरून दुसरा लिहितां येतो. १९५८ मध्यें मेसेलसन व स्टाल यांनीं दाखविलें कीं, प्रत्येक नव्या प्रतींत एक धागा जुना व एक नवा असतो. नेवाशाची प्रत हरपली; येथें निम्मी मूळ प्रत दर वेळीं जतन होते.

हें काम विकरें करतात. हेलिकेज पीळ उलगडतें, प्रायमेज आरंभ करून देतें, पॉलिमरेज पुढें अक्षरें जोडतें. पहिलें पॉलिमरेज आर्थर कॉर्नबर्ग यांनीं १९५६ मध्यें जिवाणूंतून मिळविलें. तें एकाच दिशेनें लिहूं शकतें. म्हणून एका धाग्याची नक्कल तुकड्यातुकड्यांनीं होते व लायगेज ते तुकडे सांधतें. ते १९६८ मध्यें जपानांतील रेजी व त्सुनेको ओकाझाकी या दांपत्यानें उजेडांत आणले.

चुकीचें अक्षर पडतांच पॉलिमरेज मागें फिरून तें खोडतें. मागाहून दुसरीं विकरें नवा धागा जुन्याशीं ताडून पाहतात. लिहितांना लाखांत एखादी चूक होते. अखेरीस अब्जांत एखादीच उरते. परंतु मानवी पेशींत सहा अब्जांहून अधिक अक्षरजोड्या आहेत, आणि एखाद्या चुकीनेंही घात होऊं शकतो. रेजी ओकाझाकी १९४५ मध्यें हिरोशिमांत किरणोत्सर्गानें बाधले होते. १९७५ मध्यें, चव्वेचाळिसाव्या वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें ते वारले. कर्करोग हा पेशींतील लेख बिघडल्याचाच परिणाम होय.

तथापि नक्कल सर्वथा निर्दोष असती, तर जीवसृष्टींत नवें कांहींच घडलें नसतें. एकनाथांनीं ग्रंथांत कोणी आपली ओंवी घालूं नये अशी ताकीद दिली, कारण त्यांस अर्थ ठाऊक होता. पेशीला अर्थ कळत नाहीं. ती केवळ अक्षराशीं अक्षर ताडते. तिच्या नजरेंतून निसटलेल्या पाठभेदांतूनच रोग येतो, आणि त्यांतूनच मनुष्यही आला.