नान-खलियाचा बावर्ची

इ.स. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली. तिचे दौलताबाद झाले. नान-खलिया त्याच लष्कराबरोबर इकडे आला, असे आमचे बुजुर्ग सांगतात.

१९९३ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि संजीव कपूर घराघरांत पोहोचले. आता बड्या हॉटेलांत शेफच्या नावाचेही पैसे मोजावे लागतात. तो खर्च सार्थ की नाही, ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या लग्नांत मात्र एकाच देगेतला खलिया हमालाला मिळतो, हाजीसाहेबांनाही. त्या देगेवर कुणाचेच नाव नसते.

वर्गात आम्ही तुघलकाच्या सनावळ्या पाठ करून घेतो. समोर बसलेल्या भटियाऱ्याच्या मुलाला त्याच्या दादांचे नाव मात्र आम्ही कधी विचारले नाही. इतिहासाचा तो धडा आमच्याकडूनच राहिला.