बर्फावरची शिट्टी

गोलरक्षकाला चाळणी म्हणण्याची कल्पना ज्या कुणाला प्रथम सुचली, त्याच्या घरी पीठ चाळणारी आजी नक्की असली पाहिजे! अमेरिकेतील कॉलेजांमध्ये बर्फावरच्या हॉकीचे सामने होतात. तेथे पाहुण्या संघावर गोल झाला रे झाला, की यजमान कॉलेजची पोरे त्या गोलरक्षकाकडे बोटे रोखून एका सुरात ओरडतात, ‘चाळणी! चाळणी!’ म्हणजे, बाबा रे, तुझ्यातून सगळेच गळते. टोमणे मारण्यात आपण मराठी माणसे कुणाला हार जाणारी नव्हेत. पण इतका घरगुती टोमणा आपल्यालाही सुचलेला नाही.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, आणि बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला. तरीही हा खेळ माझ्या मानगुटीवर बसला. माझा एक जुना विद्यार्थी बॉस्टनला शिकायला गेला आणि त्याने मला हे वेड लावले. मग पुस्तके मिळवून वाचली, रात्री जागून पडद्यावर सामने पाहिले. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. या खेळाचा इतिहास जितका खेळाडूंचा आहे, तितकाच तो आरडाओरडा करणाऱ्यांचा आणि शिट्टी वाजवणाऱ्यांचाही आहे.

आधी खेळ समजून घेऊ. सुमारे 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असे बर्फाचे मैदान, भोवती कठडा आणि काच. दोन्ही बाजूंचे सहा सहा गडी पायांत पात्यांचे बूट घालून घसरत धावतात. चेंडूच्या जागी असते तीन इंच रुंद आणि एक इंच जाड अशी रबराची चकती. ती उसळू नये म्हणून खेळण्यापूर्वी गोठवून ठेवतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. गडी मिनिटभराच्या आतच दमतात, म्हणून खेळ चालू असतानाच जुने बाहेर येतात आणि नवे कठड्यावरून उडी मारून आत शिरतात.

या खेळाचा पहिला नोंदलेला बंदिस्त सामना 3 मार्च 1875 रोजी कॅनडातील माँट्रियल शहरी झाला. जेम्स क्रेटन या गृहस्थांनी तो भरवला होता आणि खेळणाऱ्यांत मॅकगिल विद्यापीठाची काही मुले होती. प्रत्येक बाजूला नऊ गडी. सामन्याआधी वर्तमानपत्रात सूचना आली, तिच्यात एक खुलासा होता. चेंडू उडून प्रेक्षकांना लागेल अशी धास्ती नको. चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती वापरली जाईल, ती बर्फ सोडणार नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी या खेळाने बघ्यांची काळजी वाहिली होती. पण सामना संपला आणि तेथेच मारामारी जुंपली. डोकी आणि नडग्या शेकल्या, बाके मोडली, स्त्रिया घाबरून पळाल्या, असे एका वर्तमानपत्राने छापले. चकतीपासून माणसांना वाचवण्याची तजवीज झाली होती. माणसांपासून माणसांना वाचवण्याची मात्र कुणी केली नव्हती!

दोनच वर्षांनी, 1877 मध्ये, माँट्रियलच्या ‘गॅझेट’मध्ये या खेळाचे सात नियम छापून आले. बरेचसे इंग्लंडच्या मैदानी हॉकीवरून घेतलेले. त्यात तंटा झाल्यास पंचांनी निवाडा करावा आणि पंचांचेच जमले नाही तर मुख्य पंचाने, अशी सोय होती. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात. खेळाच्या मैदानावर याच्या नेमके उलट असते. पाच हजार मुखे एका बाजूला आणि एकट्याची शिट्टी दुसऱ्या बाजूला! शाळेच्या कबड्डीच्या सामन्यांत मी वीस वर्षे पंचगिरी केली आहे. ‘मास्तरांना चष्मा द्या रे!’ ही आरोळी मी इतक्या वेळा ऐकली आहे, की चष्मा लागल्यावर मला सूड घेतल्यासारखे वाटले.

अमेरिकन कॉलेजांत हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिरला. 1896 च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर येथे येल आणि जॉन्स हॉपकिन्स यांचा सामना झाला, तो पहिल्यांतला. पुढे प्रिन्स्टन कॉलेजात होबी बेकर नावाचा तरुण आला. तो 1914 साली पदवीधर झाला. त्याचे घसरणे पाहायला माणसे तिकीट काढून येत. सगळ्या कॉलेजकाळात त्याला फक्त एकदाच दंड झाला, असे सांगतात. सामना संपला की तो प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन हात मिळवून येई. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक झाला आणि युद्ध संपल्यानंतर 1918 च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये विमान कोसळून गेला. वय अवघे सव्वीस. कॉलेजांतील सर्वोत्तम खेळाडूला 1981 पासून त्याच्या नावाचे पारितोषिक देतात.

सगळेच काही बेकर नसतात, म्हणून नियम लागतात. या खेळात अंगाने धडक मारून चकती हिसकावता येते. पण 1972 पर्यंत अमेरिकन कॉलेजांत ही मुभा मैदानभर नव्हती. आपल्या बाजूला बचाव करतानाच धडक चाले. त्यामुळे चकती घेऊन निघालेल्या बचावपटूला आपल्या हद्दीत उसंत मिळे. मुभा मैदानभर झाली आणि डावपेच पालटले. आता शत्रूच्या दारातच त्याला गाठून कठड्याशी कोंडता येऊ लागले. आडदांडपणाला मोल आले, तसे शिट्टीलाही आले. काठी अडकवली, पाय घातला, की गुन्हेगार दोन मिनिटे कोठडीत बसतो आणि त्याचे भाऊबंद चौघेच राहून पाचांशी झुंजतात. धंदेवाईक सामन्यांत गुद्दागुद्दी केली तर पाच मिनिटे बसून गडी परत येतो. कॉलेजात मात्र तो त्या सामन्यातून जातो आणि पुढच्यालाही मुकतो. पोटासाठी खेळणाऱ्याला जी सवलत आहे, ती शिकणाऱ्याला नाही. मास्तर म्हणून मला हा भेद फार आवडतो.

आता बघ्यांकडे वळू. कॉर्नेल आणि हार्वर्ड यांचे हाडवैर. कॉर्नेलला शेतकी महाविद्यालय आहे. ते खिजवण्यासाठी 1973 साली हार्वर्डच्या कुणी तरी कॉर्नेलच्या गोलरक्षकाकडे कोंबडी भिरकावली, अशी कथा आहे. हार्वर्ड पडले बॉस्टनजवळ, म्हणजे कोळ्यांच्या मुलखात. तेव्हा कॉर्नेलवाल्यांनी उत्तरादाखल मासे फेकले, आणि हार्वर्ड पाहुणे आले की बर्फावर मासे पडण्याची तेथे रीतच होऊन बसली. पाहुण्या संघाची ओळख करून देताना कॉर्नेलची पोरे वर्तमानपत्र उघडून वाचत बसतात, ही दुसरी रीत. मला दुसरी अधिक जहरी वाटते. पंच वर्तमानपत्राला काही करू शकत नाही. पण मासे पडत राहिले तर तो दंड करतो, आणि तोही यजमान संघालाच! मासा भिरकावला काकाने, कोठडीत बसला पुतण्या. जीभ मोकळी सोडावी, हात मात्र बांधावा, हाच या खेळाने प्रेक्षकांशी केलेला करार.

पण असेही प्रसंग येतात, की शिट्टीचा काही उपयोग नसतो. 20 ऑक्टोबर 1995. बॉस्टन विद्यापीठाने आदल्या हंगामात अजिंक्यपद मिळवले होते आणि नव्या हंगामाचा पहिला सामना होता. ट्रॅव्हिस रॉय हा वीस वर्षांचा मुलगा कॉलेजातर्फे प्रथमच बर्फावर उतरला. अकराव्या सेकंदाला तो धडक द्यायला गेला, तोल गेला आणि डोके कठड्यावर आदळले. मानेचा मणका मोडला. त्यात कुणाचा गुन्हा नव्हता, दंड नव्हता. मानेखालचे शरीर लुळे झाले ते कायमचे. तो खचला नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी त्याने निधी उभारला आणि 2020 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्या कामात राहिला. मागून दिलेली धडक किंवा कठड्यावर ढकलणे यांना नियम इतके जड का, हे ही गोष्ट वाचल्यावर कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

बॉस्टनमधील चार कॉलेजे 1952 पासून ‘बीनपॉट’ नावाची स्पर्धा खेळतात. बीनपॉट म्हणजे घेवडा शिजवण्याचे मडके. 6 फेब्रुवारी 1978 रोजी तिचे सामने पाहायला 11,000 वर माणसे बॉस्टन गार्डनमध्ये जमली, आणि बाहेर हिमवादळ सुरू झाले. रस्ते बुजले, गाड्या थांबल्या. शेकडो प्रेक्षक तेथेच अडकले, काही तर कित्येक दिवस. एकमेकांना चाळणी म्हणणारी ती मंडळी त्याच बाकांवर शेजारी शेजारी झोपली आणि उपाहारगृहातले उरलेसुरले वाटून खाल्ले. अंतिम सामना लांबला, तो 1 मार्चला झाला. तेव्हा पुन्हा तीच कॉलेजे, तोच गोंगाट आणि तीच चाळणी!