वांडपणापासून निदानापर्यंत

वर्गात एका जागी न बसणाऱ्या, सांगितलेले लगेच विसरणाऱ्या, हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकणाऱ्या मुलाला 'वांड', 'धांदरट' किंवा 'आळशी' म्हणण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कुठे नजर लागल्याचे निमित्त सांगितले जाते, तर कुठे छडीचा इलाज होतो. आज अशांपैकी काही मुलांच्या बाबतीत डॉक्टर 'एडीएचडी', म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, असे निदान करतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या कागदावर हे नाव आले की आईवडील घाबरतात. कोणी त्याला नव्या काळाचे फॅड समजतात. म्हणून या नावाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

हा प्रकार नवा नाही. 1798 मध्ये अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने लक्ष न टिकण्याच्या विकाराचे वर्णन केले. 1902 मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांची उदाहरणे मांडली. बुद्धी शाबूत असूनही या मुलांना स्वतःला आवरता येत नाही, हे त्यांनी ओळखले. मात्र नाव दिले ते 'नैतिक संयमातील दोष' असे. आजार ओळखला गेला, पण ठपका मुलाच्या चारित्र्यावरच राहिला.

1937 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या 30 मुलांना बेन्झेड्रिन हे औषध दिले. त्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. त्याच वर्षी मुंबईत टाटा समाजकार्य विद्यालयाने भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. या विद्यालयाचा आरंभ 1936 मध्ये नागपाड्यात, मुस्लिम वस्तीच्या सान्निध्यात झाला होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे नावे बदलत गेली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 1968 च्या सूचीत भर अतिचंचलतेवर होता. 1980 मध्ये लक्ष न टिकणे हा मुख्य दोष मानला गेला आणि चंचलता नसतानाही तो असू शकतो, हे मान्य झाले. 1987 मध्ये आजचे नाव आले. यामुळे गप्प बसून स्वतःतच हरवणाऱ्या मुलींकडेही लक्ष जाण्याची वाट मोकळी झाली.

शिक्षेविषयी तर आपल्या पूर्वसूरींनी फार आधी बजावले आहे. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांच्या मते, पाठ संपल्यावर मुलाला खेळू द्यावे. खेळ तोडून सतत अभ्यासाला जुंपल्यास त्याचे मन मरते. इब्न खल्दून यांनी 1377 च्या 'मुकद्दिमा'त दाखवून दिले की कठोर शिक्षेने मूल सुधारत नाही, उलट आळशी होते व खोटे बोलू लागते.

महाराष्ट्रातही पावले पडली आहेत. अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय राज्य शासनाने 1996 मध्ये घेतला. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. पुष्कळ मुलांत या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. म्हणून वाचन, लेखन व गणिताचीही तपासणी मागून घ्यावी आणि दहावीचे वर्ष येण्याआधीच प्रमाणपत्राची चौकशी करावी.

हे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही. बारा वर्षांच्या आतील लक्षणे, घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणचे वर्तन, यांवरून ते ठरते. त्यामुळे आईची आणि शिक्षकांची माहिती मोलाची असते. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावे व बंद करावे; रमजानमध्ये रोजे ठेवायचे असल्यास वेळेविषयी आधी त्यांनाच विचारावे. घरी कामाचे लहान तुकडे करावेत, ते कागदावर लिहून द्यावेत, अभ्यासाच्या वेळी मोबाइल दूर ठेवावा, झोप मोडू देऊ नये. पाच नमाजांनी दिवसाचे भाग आपोआप पडतात. त्याच खुणांवर अभ्यास व विश्रांती बसवता येते. मुलाविषयीची चर्चा त्याला वगळून नातेवाइकांत करू नये. सल्ल्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा शासकीय दूरध्वनी आहे.

पालक बंधू-भगिनींनो, मंचरसारख्या बाजारपेठेच्या गावात शाळेत न रमणाऱ्या मुलाला दुकानात, गॅरेजवर किंवा टेम्पोवर लावणे सोपे असते. हातचे काम कमी दर्जाचे नाही. परंतु शिकण्याचा मार्ग बंद झाला म्हणून ते पत्करावे लागू नये. स्टिल यांच्या काळी चारित्र्याचा दोष मानली गेलेली गोष्ट आज उपचाराची मानली जाते. ज्ञान एवढे पुढे आले आहे. आपल्या घरातली भाषाही तितकी पुढे यावी.